चेहरा खाऊ घालणारा नायक

१९७३ सालच्या ऑक्टोबरात जपानमधल्या बालवाड्यांमध्ये एक पातळसं चित्रपुस्तक पोचलं. फ्रोबेल-कान ही प्रकाशनसंस्था बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी दर महिन्याला एक पुस्तक काढत असे, त्यातलंच हे एक. गोष्ट अगदी थोडक्यात सांगता येते. वाळवंटात एक वाटसरू भुकेने मरायला टेकला आहे. आभाळातून एक उडता माणूस त्याच्याजवळ उतरतो. अंगावर ठिगळं लावलेला जुनापुराणा झगा आणि मानेवर डोक्याच्या जागी चक्क गोल, भाजलेला पाव. माझा चेहरा खा, असं तो वाटसरूला सांगतो. वाटसरू आधी घाबरतो आणि मग खातो. अर्धा चेहरा गेलेला तो माणूस पुन्हा उडतो. पुढे त्याला वाट चुकलेलं, भुकेलेलं मूल भेटतं आणि उरलेला चेहरा तो त्याला देऊन टाकतो. आता मानेच्या वर काहीच नाही. पुढच्या चित्रात तो तसाच, बिनडोक्याचा उडताना दिसतो. वादळात सापडून तो एका बेकरीवर कोसळतो. तिथले पाव भाजणारे काका त्याला नवा चेहरा करून देतात आणि तो पुन्हा निघतो.

हा अंपानमान. आज जपानमधल्या रांगत्या मुलालाही तो ओळखू येतो, पण पुस्तक आलं तेव्हा मोठ्यांना ते अजिबात रुचलं नव्हतं. स्वतःचा चेहरा दुसऱ्याला खायला देणारा नायक कोवळ्या मुलांसमोर कसा ठेवायचा, हा क्रूरपणा आहे, अशी तक्रार बालवाडीच्या शिक्षकांनी केली. समीक्षकांनी नाकं मुरडली. असलं पुस्तक पुन्हा नको, असं प्रकाशनसंस्थेतूनही लेखकाला सांगण्यात आलं. लेखक होते ताकाशी यानासे. वय ५४. आयुष्यभर चित्रं काढूनही मोठं यश अजून त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

बिनडोक्याच्या उड्डाणाचं ते पान मला या पुस्तकाचा कणा वाटतं. त्यात ना विजय आहे, ना टाळ्या. ज्याने दिलं त्याच्याजवळ आता काही उरलेलं नाही, एवढंच चित्र सांगतं. हे चित्र कुठून आलं, ते समजून घ्यायचं तर यानासेंच्या तरुणपणात जावं लागतं.

त्यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९१९ चा. घराणं शिकोकू बेटावरच्या कोची प्रांतातलं. वडील वृत्तपत्राचे वार्ताहर. कामानिमित्त चीनमध्ये असताना १९२४ साली त्यांचा तिथेच मृत्यू झाला. पुढे आईने दुसरं लग्न केलं, आणि ताकाशी व त्यांचा धाकटा भाऊ चिहिरो कोचीतल्या गोमेन या छोट्या गावी डॉक्टर काकांच्या घरी वाढले. काका प्रेमळ होते, घरात पुस्तकं होती, तरी आई जिवंत असून जवळ नाही ही सल त्यांच्या पुढच्या लेखनात अनेकदा डोकावते. टोकियोला जाऊन त्यांनी डिझाइनचं शिक्षण घेतलं, एका औषध कंपनीच्या जाहिरात विभागात नोकरी धरली आणि १९४१ साली सैन्यात भरती होण्याचं फर्मान आलं.

तोफखान्यातून त्यांची रवानगी चीनमध्ये झाली. तिथे त्यांच्याकडे सांकेतिक संदेशांचं काम होतं. शिवाय स्थानिक लोकांच्या मनात जपानी सैन्याबद्दल बरं मत व्हावं म्हणून गावोगाव कागदी चित्रांचे खेळ दाखवायचे असत. त्यातली चित्रं आणि गोष्टी यानासे तयार करत. पुढे ज्यांच्या चित्रांवर पिढ्यानपिढ्या मुलं वाढली, त्यांनी समोर बसलेल्या प्रेक्षकांना चित्रकथा दाखवल्या त्या परक्या देशात, गणवेश घालून. प्रत्यक्ष लढाईत ते फारसे सापडले नाहीत. त्यांनी भोगली ती भूक. धान्य पुरवून वापरायचं म्हणून सैनिकांना पातळ पेजेवर ठेवलं जाई, आणि मग रानातला पाला, गवत उकडून पोटात ढकलावं लागे. दमणूक सोसता येते, मारहाणही सोसता येते, पण भूक सोसता येत नाही, असं ते म्हातारपणापर्यंत सांगत राहिले.

युद्ध संपलं आणि दुसरा धक्का बसला. आपण चिनी जनतेला वाचवायला आलो आहोत, हे न्यायाचं युद्ध आहे, असं त्यांच्या मनावर वर्षानुवर्षं बिंबवलं गेलं होतं. आता एका दिवसात तेच युद्ध अन्याय्य ठरलं. घरी परतल्यावर कळलं, चिहिरो गेला होता. तो नौदलात होता. १९४४ च्या अखेरीस तैवान आणि फिलिपिन्स यांच्यामधल्या समुद्रात त्याची युद्धनौका बुडाली. ज्या न्यायासाठी भाऊ मेला, तो न्याय वर्षभरात उलटला होता.

इथून पुढे यानासेंना एक प्रश्न कधीच सुटला नाही. कधीही न उलटणारा न्याय असतो तरी का? त्यांना सापडलेलं उत्तर फार साधं आहे. समोरचा भुकेला असेल तर त्याला खायला द्यावं. तो कुठल्या देशाचा आहे, कोणत्या बाजूने लढतो आहे, याने त्यात काहीच बदलत नाही. सरकार बदललं म्हणून ही गोष्ट चूक ठरत नाही. दुसरी गोष्ट त्यांनी याला जोडली, आणि माझ्या मते ती अधिक महत्त्वाची आहे. असं देणाऱ्याला स्वतःला इजा होतेच. काहीही न गमावता केलेल्या भल्याच्या गप्पांवर त्यांचा विश्वास नव्हता. राक्षसाशी लढताना अर्धं शहर उद्ध्वस्त करणारे आणि मग मजेत उडून जाणारे नायक त्यांना खटकत. त्या शहरातल्या उपाशी माणसाकडे कोण पाहणार, असं ते विचारत.

युद्धानंतर कोचीतल्या वृत्तपत्रात नोकरी करताना त्यांना नोबू भेटल्या. त्याही तिथेच काम करत. हिंडायची आवड असलेल्या, मनात येईल ते करून मोकळ्या होणाऱ्या या बाई आधी टोकियोला गेल्या आणि यानासे त्यांच्या मागोमाग. दोघांचं लग्न झालं. १९४७ साली मित्सुकोशी या मोठ्या दुकानाच्या प्रसिद्धी विभागात यानासेंना काम मिळालं. १९५० मध्ये गेनिचिरो इनोकुमा या नामवंत चित्रकाराने या दुकानासाठी पांढऱ्या कागदावर लाल आकारांचं वेष्टन तयार केलं. त्यावरची दुकानाच्या नावाची अक्षरं यानासेंनी काढली आहेत. तो कागद आजही वापरात आहे. टोकियोत भेटवस्तू विकत घेणाऱ्या कित्येकांच्या हातात यानासेंचं हस्ताक्षर नकळत येऊन जातं.

१९५३ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ व्यंगचित्रकार झाले. पण काळ लांबलचक कथाचित्रांचा होता, ती काढणाऱ्या ओसामू तेझुका यांचा होता. यानासेंच्या छोट्या, शब्दांविना हसवणाऱ्या चित्रांना फारशी मागणी नव्हती. मग येईल ते काम त्यांनी केलं. नाटकाचं नेपथ्य केलं, आकाशवाणीसाठी संहिता लिहिल्या, दूरचित्रवाणीवर मुलांना चित्रकला शिकवली. गाणीही लिहिली. १९६१ सालचं त्यांचं एक बालगीत जपानमधल्या बहुतेक शाळांत गायलं जातं. त्याची जन्मकथा त्यांनी स्वतः सांगून ठेवली आहे. हातात काम नाही, रात्रीची वेळ, गार पडलेले हात ते दिव्याजवळ धरून शेकत होते. उजेड तळहातातून आरपार आला आणि आतलं रक्त लाल दिसलं. मन खचलं होतं, पण रक्त आपलं वाहतंच होतं. त्या लाल रंगातून गाणं आलं, आणि त्यात माणसाच्या बरोबरीने किडेमुंगीही जिवंत आहेत.

अ‍ॅनिमेशनशी त्यांची गाठ तेझुकांमुळेच पडली. १९६९ सालच्या ‘अरेबियन नाइट्स’वरच्या मोठ्या चित्रपटासाठी पात्रांची रेखाटनं करशील का, असा तेझुकांचा फोन आला. यानासेंना त्या क्षेत्राचा काही अनुभव नव्हता, तरी त्यांनी होकार दिला. चित्रपट चालला, आणि आभार म्हणून तेझुकांनी त्यांना स्वतःच्या पसंतीचा लघुपट करायला पैसे दिले. यानासेंनी स्वतःचीच गोष्ट निवडली, ‘प्रेमळ सिंह’. अनाथ सिंहाच्या छाव्याला एक कुत्री वाढवते. मोठा झाल्यावर त्याला दूर सर्कशीत नेतात. एका रात्री तिच्या अंगाईचा भास होऊन तो पिंजरा मोडून तिच्याकडे धावतो, आणि सिंह मोकाट सुटला म्हणून बंदूकधारी त्याच्या मागे लागतात. आईविना वाढलेल्या मुलाने लिहिलेली ही गोष्ट आहे, हे सांगायची गरज पडत नाही. १९७० साली आलेल्या या लघुपटाला जपानमधला ओफुजी पुरस्कार मिळाला. अ‍ॅनिमेशनच्या क्षेत्रात त्या देशात या पुरस्काराचा मोठा मान आहे.

याच सुमारास अंपानमानचं पहिलं रूप जन्मलं, आणि ते मुलांसाठी नव्हतं. १९६९ मध्ये मोठ्यांच्या एका मासिकात ती कथा आली. त्यातला नायक पावाच्या डोक्याचा नव्हता. तो होता एक जाडा, बेंगरूळ, उडता येणारा माणूस. युद्ध चाललेल्या मुलखातल्या उपाशी मुलांना तो अंपान वाटत फिरतो, आणि शेवटी शत्रूचं विमान समजून त्याच्यावर तोफा डागल्या जातात. चार वर्षांनी चित्रपुस्तक करताना यानासेंनी एक मोठा बदल केला. वाटायचा खाऊ त्यांनी नायकाच्या अंगातच आणला. आता देणं म्हणजे पिशवीत हात घालणं राहिलं नाही.

अंपान म्हणजे गोड सारण भरलेला पाव. अझुकी नावाचं बारीक लाल कडधान्य शिजवून, साखर घालून आटवतात. आपल्या पुरणासारखाच हा ऐवज, फक्त रंगाने काळपट. टोकियोतल्या किमुराया बेकरीने तो १८७४ साली पहिल्यांदा विकला. पाव ही परदेशातून आलेली वस्तू जपानी जिभेला परकी वाटे, म्हणून तांदळाच्या खमिराने पीठ फुगवून आत ओळखीचं गोड सारण भरायची युक्ती बेकरीवाल्या किमुरा यांनी काढली. पुढच्या वर्षी तो सम्राट मेइजींपुढे ठेवला गेला. वर मधोमध चेरीचं खारवलेलं फूल होतं. यानासेंनी हाच पाव निवडला, कारण तो पोटही भरतो आणि खाऊही असतो, खिशात घालून नेता येतो. बाहेरून पाश्चात्त्य, आतून जपानी, हेही त्यांना आवडे.

मोठ्यांनी नाकारलेलं पुस्तक वाचवलं ते तीन-चार वर्षांच्या मुलांनी. यानासे एक आठवण सांगत. कॅमेऱ्याच्या दुकानाचा मालक एकदा त्यांना म्हणाला, आमचा पोरगा रोज रात्री तुमचंच पुस्तक वाचायला लावतो. यानासेंना ते सौजन्याचं बोलणं वाटलं. पण हळूहळू सगळीकडून तेच कानावर येऊ लागलं. बालवाड्यांमध्ये ती पुस्तकं हाताळून हाताळून फाटत होती, नवी प्रत आणली की तीही फाटत होती. ज्यांना अजून अक्षर वाचता येत नाही, ज्यांना समीक्षक कोण ते माहीत नाही, ते वाचक ठाम होते. चेहरा खाण्यात त्यांना काही भयंकर दिसलं नाही. त्या वयाच्या मुलासाठी भूक ही कल्पना नसते, ती दिवसातून चारदा येते, आणि कुणीतरी भरवल्यावर जाते. अंपानमान हे त्यांच्या रोजच्या अनुभवाचं चित्र होतं. मोठ्यांना दिसलेला क्रूरपणा मोठ्यांच्याच डोळ्यांत होता, असं मला वाटतं.

दूरचित्रवाणीपर्यंत पोचायला पुस्तकाला पंधरा वर्षं लागली. निप्पॉन टेलिव्हिजनवर ३ ऑक्टोबर १९८८ रोजी मालिका सुरू झाली, तीही संध्याकाळच्या गैरसोयीच्या वेळेला. वाहिनीने फार आशा धरली नव्हती. यानासे तेव्हा ६९ वर्षांचे होते. मालिका अजून चालू आहे, आणि १९८९ पासून जवळजवळ दरवर्षी एक चित्रपटही येतो.

अ‍ॅनिमेशनने मूळ पुस्तकाचं काय केलं? पहिल्या पुस्तकातला अंपानमान उंच, माणसाच्या बांध्याचा, काहीसा दरिद्री आहे. पडद्यावर तो बुटका, गुटगुटीत झाला. गोल डोकं, मधोमध गोल नाक, दोन्ही बाजूंना गोल गाल. वर्तुळ काढता येऊ लागलेलं कुठलंही मूल त्याला काढू शकतं. ठिगळांचा झगा गेला. चेहरा देण्याची क्रिया राहिली, पण तो एक लचका तोडून देतो आणि खाणारा हसून खातो. बिनडोक्याचं उड्डाण आता नेहमीचं राहिलं नाही. त्या पानाचा धक्का मालिकेत विरला, याची मला हळहळ वाटते.

पण जे मिळालं तेही थोडं नाही. दर आठवड्याला नवी गोष्ट हवी, तर नायकाचं वैगुण्य ठरलेलं असावं लागतं, आणि ते यानासेंच्या मूळ कल्पनेतच तयार होतं. चेहरा भिजला, मळला, कुरतडला गेला की अंपानमानची शक्ती जाते. अ‍ॅनिमेशनने त्यातून ठरीव सोहळा रचला. अंपानमान हतबल होऊन पडतो. तिकडे बेकरीतले जॅम काका भट्टीतून नवा चेहरा काढतात. त्यांची मदतनीस बाताको तो नेम धरून भिरकावते, नवा चेहरा गरगरत येऊन जुन्याला उडवून लावतो, आणि अंपानमान शक्ती परत आल्याचं ओरडून सांगतो. मुलं या क्षणाची वाटच पाहत असतात. त्यात एक गोष्ट नीट पाहावी. नायक स्वतःला कधीच वाचवू शकत नाही. दर वेळी कुणीतरी पीठ मळलेलं असतं, कुणीतरी भट्टी पेटवलेली असते.

दुसरी देणगी बाइकिनमान. हा जंतूंच्या ग्रहावरून आलेला खलनायक पहिल्या पुस्तकात नाही. तो मागाहून आला आणि मालिकेचा निम्मा डोलारा त्याने पेलला. तो लबाड, खादाड, कामसू आहे. सतत नवी यंत्रं बनवतो, हरतो, गुद्दा खाऊन आभाळात दूर भिरकावला जातो आणि पुढच्या आठवड्यात हजर होतो. अंपानमान त्याला कधी संपवत नाही. यानासे याचं कारण देताना बेकरीतलंच उदाहरण घेत. पाव फुगतो तो सूक्ष्मजीवांमुळे. जंतू नावाची गोष्टच नष्ट केली तर पावही राहणार नाही. दोघांनी भांडत एकत्र राहायचं, एकाने दुसऱ्याला पुसून टाकायचं नाही. एका बाजूचा संपूर्ण विजय ही कल्पना तरुणपणी ज्याच्यावर लादली गेली होती, त्या माणसाने मुलांसाठी रचलेलं हे युद्ध आहे. यात कुणी मरत नाही.

या दोघांभोवती मग खाद्यपदार्थांची पंगतच जमली. साध्या पावाचा दिमाखदार नायक आला, तिखट करी भरलेल्या पावाचा तापट नायक आला, भाताच्या मुटक्याचा फिरस्ता आला. रोलपन्ना या पात्राच्या छातीत तर चांगलं आणि वाईट अशी दोन हृदयं आहेत. २००९ साली गिनीज बुकने या मालिकेतल्या १,७६८ पात्रांची नोंद करून तिला विक्रम बहाल केला.

शीर्षकगीत यानासेंनीच लिहिलं आणि संगीत ताकाशी मिकी यांनी दिलं. चाल उड्या मारायला लावणारी, पण शब्द जड आहेत. आपण कशासाठी जन्माला आलो, हे न कळताच आयुष्य संपून जाऊ नये, असा त्याचा गाभा. दुधाचे दात असलेल्या मुलांसाठी हे लिहिणं धाडसाचं होतं. मार्च २०११ मध्ये जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामीने हाहाकार उडवला तेव्हा रेडिओवर हे गाणं लावायची विनंती होऊ लागली. निवाऱ्यांतल्या मुलांनी ते गायलं आणि शेजारी बसलेल्या मोठ्यांना त्यातले शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आले. यानासे तेव्हा ९२ वर्षांचे होते. दृष्टी अधू झाली होती, शस्त्रक्रिया बऱ्याच झाल्या होत्या, निवृत्त व्हायचं ठरत आलं होतं. तो बेत त्यांनी रद्द केला. आपत्तीग्रस्त भागासाठी अंपानमानची चित्रं काढून पाठवली. रिकुझेनताकाता गावी किनाऱ्यावरच्या सुमारे ७०,००० पाइन झाडांतून एकच झाड उभं राहिलं होतं. त्या झाडावर त्यांनी गाणं केलं आणि ते जगवण्याच्या प्रयत्नांना हातभार लावला.

नोबू १९९३ मध्येच गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. यश उशिरा आल्यावर यानासेंनी ते कोचीकडे वळवलं. तिथल्या डोंगराळ भागात १९९६ साली अंपानमान संग्रहालय उघडलं, त्यासाठी त्यांनी स्वतः मोठी रंगचित्रं काढली. गोमेनवरून जाणाऱ्या छोट्या रेल्वेमार्गाच्या प्रत्येक स्थानकाला त्यांनी एकेक पात्र करून दिलं. अशी पात्रं त्यांनी देशभरातल्या गावांना कितीतरी दिली, बरीचशी नाममात्र मोबदल्यात किंवा फुकटच. १३ ऑक्टोबर २०१३ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी ते गेले.

२०२५ साली जपानच्या सार्वजनिक वाहिनीने, एनएचकेने, सकाळच्या मालिकेसाठी हेच दांपत्य निवडलं. ‘अंपान’ नावाची ती मालिका मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत चालली आणि तिच्या केंद्रस्थानी नोबूंवरून घेतलेली नायिका होती. भूक, युद्ध आणि उलटलेला न्याय हे सगळं त्यात आलं, त्यामुळे लहानपणी अंपानमानचे पेले आणि मोजे वापरलेल्या पिढीला त्याचं मूळ कळलं. १९७३ चं ते पहिलं पुस्तकही जपानमध्ये अजून छापलं जातं, आणि बिनडोक्याचं ते पान त्यात होतं तसंच आहे.